दुखवट्याच्या घरी कॅरोल न्यायचे की नाही?

वाडीवरची_जुई | १४ नोव्हेंबर, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या वस्तीत) मी युवा गटाबरोबर काम करते. वयाने युवा नाही, पण गाड्यांची सोय बघायला आणि वेळेवर ओरडायला कुणीतरी मोठं लागतं. परवा डिसेंबरच्या कॅरोलसाठी, म्हणजे घरोघर जाऊन नाताळची गाणी म्हणतो त्यासाठी, घरांची यादी करायला बसलो. पहिलं काम दरवर्षी ठरलेलं: वर्षभरात ज्या घरात मयत झाली ती घरं यादीतून काढायची. आदर म्हणून. दुखवट्याच्या दारात गिटार आणि ढोलकी घेऊन उभं राहू नये, असंच आम्ही ऐकत आलोय.

यंदा अशी घरं बरीच निघाली. खोडत असताना बारावीतली एक मुलगी म्हणाली, "आंटी, त्यांच्याकडे नाताळचा तारा लागणार नाही, येशूजन्माचा गोठा होणार नाही, फराळाचं कुलकुल होणार नाही, आणि आता आपणही जाणार नाही. मग डिसेंबरात त्यांच्याकडे येतं कोण?"

यादी अर्धवट ठेवून आम्ही चहा प्यायलो.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळं गाव सिमेंटरीत असतं. कबरी धुतो, झेंडूच्या माळा घालतो, इतक्या मेणबत्त्या लावतो की संध्याकाळी आत चालताना पायाला गरम लागतं. तोवर शोक करणारा माणूस एकटा नसतो. मग दुकानांत तारे लटकतात आणि जग पुढे जातं. ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्यासाठी नोव्हेंबर सोपा आणि डिसेंबर अवघड, असं मला वाटायला लागलंय.

तर विचारायचं आहे ते असं. तुमच्याकडे काय रीत आहे? कुठल्या धर्मग्रामाने या दिवसांत मनाने खचलेल्यांसाठी काही वेगळं केलंय का? मी पॅरिश कौन्सिलपुढे काहीतरी ठेवणार आहे, पण रिकाम्या हाताने जायचं नाही.

मालवणी_मेस्त | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

आमच्या वाडीत कोण गेलो तर त्या वर्षी घरात नेवऱ्यो तळणत नाय. पण चार घरांसून ताटां येतत. खरां सांगायचां तर त्या घरात सगळ्यांपेक्षा जास्ती गोड आसता, आणि खावक कोण नाय.

बाकीचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर ॲडमिन ओरडतात. सिंधुदुर्गात आमचा प्रश्न वेगळा आहे. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून आमचा धर्मप्रांत वेगळा झाला, पण वस्ती विखुरलेली ती विखुरलेलीच. तुमच्या वसईत दर दोन किलोमीटरवर चर्चचा मनोरा दिसतो. आमच्याकडे चार घरं या डोंगराखाली, तीन त्या खाडीपलीकडे. फादर एक आणि गावं अनेक. त्यामुळे खुरसाकडचं लदीन, म्हणजे क्रूसाजवळ जमून गात केलेली प्रार्थना, हाच आमचा मेळावा. कुणाच्या घरी दुःख असलं तर लदीन त्याच्या जवळच्या खुरसाकडे ठेवतात. ढोल नसतो. शेवटी उकडलेले चणे वाटतात. यायचं की नाही हे त्या घरच्यांनी ठरवायचं, पण आवाज त्यांच्या खिडकीपर्यंत पोचतो.

बोरिवली_फास्ट | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४१

हा विंटर ब्लूजचा प्रकार असेल. परदेशात थंडीत सूर्यप्रकाश कमी झाला की डिप्रेशन येतं, त्यावर दिव्याचे बॉक्स मिळतात. ऑनलाइन मागवा दोन-चार आणि हॉलमध्ये ठेवा.

थर्मामीटर | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

बोरिवली_फास्ट, थोडं थांबा. मी डॉक्टर आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण हा गैरसमज दर हिवाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरतो म्हणून लिहिते.

ऋतूनुसार येणारं नैराश्य खरं आहे. अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली त्याचं नीट वर्णन केलं. १०,००० लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसणं हा त्यावरचा एक मान्य उपचार आहे. पण तो आजार मुख्यतः वरच्या अक्षांशांवरचा. ऑस्लोत २१ डिसेंबरला दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. त्याच दिवशी वसईत दिवस जवळपास ११ तासांचा. आपल्या अंगणात उन्हात उभं राहिलं की त्या बॉक्सच्या कितीतरी पट उजेड फुकट मिळतो.

कोकणात काळोखाचे महिने कुठले, तर जून ते ऑगस्ट. भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, होड्या ओढून ठेवलेल्या, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हाताला काम नाही. माझ्याकडे "झोप येत नाही, जीव घाबरतो" म्हणणारे पावसात जास्त दिसतात. डिसेंबर आपला स्वच्छ उन्हाचा, कोरड्या हवेचा महिना. त्यामुळे डिसेंबरात कुणी खचत असेल तर कारण आभाळात शोधू नका.

एक अपवाद: सकाळची विरार लोकल पकडणारे. आपल्याकडे सूर्य सर्वात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातच्या सुमारास. अंधारात घर सोडायचं, दिवसभर ट्यूबलाइटखाली, परत येईपर्यंत पुन्हा अंधार. अशांनी निदान रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर लगेच गाडी काढू नये. अर्धा तास आवारात उन्हात गप्पा मारा. चर्चच्या आवारातल्या बाकांचा त्याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

ब्रॅम्प्टनचा_बावा | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:०३

थर्मामीटर, दंडवत. मी वसईतल्या गासचा, आता कॅनडात. इथे टोरांटोच्या बाजूला २१ डिसेंबरला दिवस नऊ तासांहून किंचित कमी. पहिल्या हिवाळ्यात मला कळेना काय होतंय. भूक भरपूर, झोप भरपूर, आणि कशातच रस नाही. फॅमिली डॉक्टरने दिवा दिला. त्याचा उपयोग झाला, खोटं कशाला बोलू.

पण जुईंनी जो प्रश्न विचारलाय त्याच्याशी जुळणारं इथे एक आहे. इकडच्या बऱ्याच चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास 'सर्वात मोठी रात्र' म्हणून एक प्रार्थना ठेवतात, काही ठिकाणी तिला 'ब्लू ख्रिसमस' म्हणतात. मूळ प्रोटेस्टंट मंडळींचं, आता काही कॅथलिक पॅरिशही करतात. दिवे मंद. जोरात गाणी नाहीत. ज्यांचं माणूस गेलं, घटस्फोट झाला, नोकरी गेली, आजारपण आहे, त्यांच्यासाठी. मेणबत्ती लावायची, नाव घ्यायचं असेल तर घ्यायचं, नाहीतर गप्प बसायचं. कुणी 'मेरी ख्रिसमस' म्हणत नाही. मी बाय गेली त्या वर्षी गेलो होतो. वसईला अंत्यविधीला पोचू शकलो नव्हतो. तिथे पहिल्यांदा रडू आलं.

नास्तिक_नाखवा | १५ नोव्हेंबर, दुपारी १:३०

आला! कॅनडाचं फॅड आता वसईत. हॅलोविन आलं, सीक्रेट सांता आला, आता दुःखाचाही इव्हेंट. बॅनर लावा: 'भव्य शोकसंध्या, सौजन्य नगरसेवक अमुक तमुक'.

सरळ सांगतो. माणूस खचला असेल तर त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागतो. मेणबत्ती नाही, फादर नाही. आमच्या कोळीवाड्यात माणूस गप्प बसायला लागला की आधी नवस, मग प्रार्थना, मग कुठल्या तरी 'हीलिंग'च्या मैदानात रात्रभर हात वर. डॉक्टरकडे शेवटी, तेही लपवून. तुमच्या या सगळ्या उजेडाने डॉक्टरकडे जायचा रस्ता झाकला जातो.

सिस्टर_स्टेथो | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४८

नाखवा, तुमचं निम्मं मला शंभर टक्के मान्य आहे.

मी धर्मभगिनी आणि नर्स. गोळ्या बंद करून प्रार्थनेला बसलेली माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. गोळी थांबवायला सांगणारा कुणीही असो, झगा घातलेला का असेना, त्याचं ऐकू नये. ज्याला मधुमेहाची गोळी घेताना लाज वाटत नाही त्याला ही घेतानाही वाटू नये.

निम्मं मान्य नाही, तेही सांगते. खचलेल्या माणसाला डॉक्टरपर्यंत नेतं कोण? अपॉइंटमेंट घेणं, रिक्षा बोलावणं, बाहेरच्या बाकावर सोबत बसणं, हे शेजारीच करतो. धर्मग्राम म्हणजे मुळात शेजारच आहे. संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे लोक आपल्याकडे घरोघर जातात ना? ती संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर सुरू केली. त्यांचं मुख्य काम गरिबाच्या घरी जाऊन भेटणं. पैसे नंतर, आधी भेट. आपण मात्र त्यांना फक्त तांदूळ वाटणारे समजतो.

आणि श्रद्धा असलेल्याला अंधार नसतो हे कुणी सांगितलं? मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना आत काहीच जाणवत नव्हतं. देवाच्या जागी पोकळी. त्यांना २०१६ साली संत घोषित केलं, ती पत्रं माहीत असूनही. १४ डिसेंबरला ज्यांचा सण येतो त्या क्रूसाच्या संत योहानांनी तर 'काळोखी रात्र' यावरच काव्य केलं. तेव्हा नाताळात मन उतरलं तर श्रद्धा कमी पडली, असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

नास्तिक_नाखवा | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

सिस्टर, तुमच्याशी भांडायला मजा येत नाही, तुम्ही लगेच मान्य करता.

अर्धवट_सेमिनरियन | १५ नोव्हेंबर, रात्री १०:०५

थोडी पार्श्वभूमी टाकतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, हा मुळात धिंगाण्याचा काळच नाही. जांभळा रंग, वेदीवर फुलं मोजकी, 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत म्हणायचं नाही. वाट बघण्याचा काळ. यंदा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला. चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. मेणबत्त्यांचं हे वर्तुळ आपल्याला पोर्तुगीज काळापासूनचं वाटतं, पण ते तसं नाही. १८३९ साली हॅम्बर्गमध्ये योहान विकर्न नावाच्या लुथरन पाद्र्याने अनाथ आणि गरीब मुलांसाठी एका गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणजे 'सर्वात मोठी रात्र' ही कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांकडून घेतलेली पहिली गोष्ट नाही. ब्रॅम्प्टनच्या बावाला फॅड म्हणण्याआधी एवढं लक्षात असू द्यावं.

आता खास जुईंसाठी. १७ ते २३ डिसेंबर संध्याकाळच्या प्रार्थनेत, मरियेच्या स्तोत्राआधी रोज एक वेगळी आरोळी असते, 'ओ'ने सुरू होणारी. २१ तारखेची आहे 'ओ ओरिएन्स': हे उगवत्या प्रकाशा, ये, आणि अंधारात व मृत्यूच्या छायेत बसलेल्यांना उजळ. उत्तर गोलार्धातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या सुमारास हीच ओळ येते. यंदा २१ डिसेंबर रविवार आहे, आगमनकाळाचा चौथा. म्हणजे कॅनडाहून काही आणायची गरजच नाही, आपल्याच प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. सोबत स्तोत्र ८८ वाचा. बायबलमधलं बहुतेक एकच विलापस्तोत्र जे शेवटपर्यंत वर येत नाही. शेवटचा शब्दही काळोखच. त्याला 'पण देव चांगला आहे' असं शेपूट कुणी जोडलेलं नाही, आणि तरीही ते पवित्र ग्रंथात आहे.

बोरिवली_फास्ट | १५ नोव्हेंबर, रात्री १०:१२

ग्लोरिया नाही तर कॅरोल कसे चालतात आगमनकाळात?

अर्धवट_सेमिनरियन | १५ नोव्हेंबर, रात्री १०:१५

नियमाने २४ च्या रात्रीनंतरच. पण २६ तारखेला कुणाच्या घरी माणसं सापडतात सांगा. लग्नांचा सीझन सुरू होतो.

परटवण्याची_पोर | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

मी ख्रिस्ती नाही, रत्नागिरीची. पण हे वाचून आमची दिवाळी आठवली. घरात कुणी गेलं की पहिल्या वर्षी तळणाची कढई चढत नाही, शेजारी फराळ देतात. आणि पहिल्या सणाला पाहुणे मुद्दाम येऊन गोड खायला घालतात, दुखवटा काढतात. म्हणजे न करण्याचीही रीत आहे आणि ते संपवण्याचीही आहे. संपवायला बाहेरचं माणूस लागतं, घरातलं कुणी स्वतःहून सुरुवात करत नाही. तुमच्यात 'संपवणारा' कोण असतो?

वाडीवरची_जुई | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

पोरी, हा प्रश्न मी वहीत लिहून घेतलाय. आमच्यात वर्षाची मिस्सा होते, नातेवाईक जेवतात, काळे किंवा पांढरे कपडे उतरतात. पण ती मृत्यूच्या तारखेला. मार्चमध्ये गेलेल्या माणसाचा दुखवटा मार्चमध्ये संपतो, मधला नाताळ तसाच जातो.

कुणीच_नाही | १६ नोव्हेंबर, रात्री ११:५५

हा आयडी आजच काढला. वाचत होते, लिहायचं नव्हतं.

आमच्याकडे माझ्या भावाने स्वतःचा जीव घेतला. गेल्या पावसात. गावात 'अचानक गेला' एवढंच सांगितलंय. आमच्या आजीच्या काळी अशांना सिमेंटरीत जागा देत नसत, भिंतीबाहेर पुरत, असं आई सारखं बोलते. त्याला आत पुरलं, मिस्साही झाली, तरी तिला वाटतं फादरांनी दया म्हणून केलं, नियम नाही. २ तारखेला ती सिमेंटरीत आली नाही. तारा लावायचा नाही म्हणते, ते ठीक आहे. पण ती दारं-खिडक्याही लावून घेते. कॅरोल आले आणि शेजारच्या घरावरून पुढे गेले, तर तिला वाटणार की दुखवटा म्हणून नाही, त्याच्यामुळे गेले.

अर्धवट_सेमिनरियन | १७ नोव्हेंबर, रात्री १२:२०

ताई, तुमच्या आईला हे नक्की सांगा, हवं तर छापून द्या. ती दया नव्हती, नियमच आहे. १९१७ च्या कॅनन कायद्याच्या संहितेत (चर्चच्या स्वतःच्या नियमांत) जाणीवपूर्वक आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारलेला होता. आईचं म्हणणं आजीच्या काळापुरतं बरोबर. १९८३ च्या नव्या संहितेतून ती मनाई काढून टाकली. आणि कॅथलिक श्रद्धाग्रंथाच्या परिच्छेद २२८२ आणि २२८३ मध्ये स्पष्ट आहे: गंभीर मानसिक आजार, तीव्र भीती किंवा यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते; अशा माणसाच्या तारणाबद्दल निराश होऊ नये; चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. तुमच्या भावाची मिस्सा त्याच्या हक्काची होती.

सिस्टर_स्टेथो | १७ नोव्हेंबर, सकाळी ५:५०

बाळा, तू जागी होतीस त्या वेळेला. आता कशी आहेस? कायद्याचंही सांगते: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा नाही. म्हणजे सरकारनेही त्याला गुन्हेगार म्हणणं सोडलंय.

आईशी भाऊ कसा गेला ते बोलू नकोस, भाऊ कसा होता ते बोल. त्याचं नाव घरात उच्चारलं जातं का? आणि तुला स्वतःला कधी फार जड झालं तर १४४१६ लाव. टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. मला इथे निरोप टाकलास तरी चालेल, पण मी ड्युटीवर असू शकते, १४४१६ ला ड्युटी संपत नाही.

थर्मामीटर | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

सिस्टरच्या पुढे थोडंच. शोक हा आजार नाही, त्याला औषध देऊन घाई करू नये. पण सलग दोन आठवडे जवळपास रोज दिवसभर मन उतरलेलं, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, 'मी नसते तर बरं' असे विचार, यातलं काही असेल तर डॉक्टरला दाखवा. शेवटचं असेल तर दोन आठवडे थांबूही नका. आईंचं दारं-खिडक्या लावून घेणं मला काळजीचं वाटतं.

नास्तिक_नाखवा | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

कुणीच_नाही, मी वर बरंच तोंड सोडलंय. तुमच्या घरासमोर कॅरोलवाले थांबले नाहीत तर मला कळवा, मी येतो. गाता येत नाही. बोंबील आणतो.

ओल्ड_मॅन_ऑफ_पापडी | १७ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

मी ७८ वर्षांचा. पत्नी जाऊन काही वर्षं झाली. एक मुलगा मेलबर्नला, एक मस्कतला. चार बेडरूमचा बंगला, दिवे सगळे सेन्सरवाले. सगळ्यांनी मयतीच्या घराबद्दल लिहिलं, माझ्यासारख्यांचं घर यादीतच असतं. पोरं येतात, तीन गाणी घाईत म्हणतात, सांता टोपीवाला हात हलवतो, डबा पुढे करतात, मी पाचशे घालतो, फोटो, पुढे. पाच मिनिटांत आवार पुन्हा शांत. ते गेल्यावर जास्त एकटं वाटतं, हे कुणाला पटणार नाही.

मला काय हवं ते सांगतो. एका पोराने बसावं. चहा मी करतो. गोठा मांडायला मदत करावी, कारण मला आता गुडघ्यावर बसता येत नाही आणि मेंढ्या माळ्यावर आहेत. पूर्वी गोठ्यासाठी आम्ही नाचणी पेरायचो, महिनाभर आधी, टोपलीत. हिरवंगार गवत यायचं. मला काम द्या. अख्ख्या वाडीच्या गोठ्यांना लागेल तेवढी नाचणी मी पेरून देतो, माझ्याकडे जागा आहे आणि वेळ आहे.

वाडीवरची_जुई | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:०५

अंकल, पापडीपासून आम्ही फार लांब नाही. निरोपात पत्ता पाठवा. पोरं रविवारी टोपल्या घेऊन येतील. किती येतील ते सांगत नाही, चहाचं आधण मोठं ठेवा.

रेवदंड्याचा_रॉनी | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

आमच्याकडे रायगडात थंडीत पोपटी लावतात ना, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा. गेल्या वर्षी आमच्या युथने कॅरोलच्या एका रात्री गाणी बंद ठेवली आणि चर्चमागे पोपटी लावली. बोलावलं कुणाला, तर ज्यांच्या घरी जायचं नव्हतं त्यांनाच. प्रार्थना अर्धी मिनिट. शेकोटीभोवती माणसं आपोआप बोलतात, कारण सगळे मडक्याकडे बघत असतात, एकमेकांकडे बघावं लागत नाही. नवरा गेलेली एक बाई दोन तास फक्त शेंगा सोलत बसली. जाताना म्हणाली, पुढच्या वेळी मीठ मी लावते.

'आनंदी राहा, तो आता देवाकडे आहे' असं म्हणायला बंदी होती. एका काकांनी तरी म्हटलंच.

वाडीवरची_जुई | २४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

काल कौन्सिलची बैठक झाली. थोडक्यात सांगते, कारण अर्धा वेळ पार्किंगवर गेला.

एक ज्येष्ठ सभासद ठाम होते की रीत मोडायची नाही, दुखवट्याच्या घरी गाणं म्हणजे अपमान. दुसऱ्यांना वाटत होतं सरसकट सगळ्यांकडे जावं. शेवटी फादर म्हणाले, आधी विचारा ना. इतकी वर्षं आपण विचारलेलंच नाही, आपणच ठरवून नाव खोडत आलो.

तर आता असं ठरलं. खोडायच्या घरांची वेगळी यादी. आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात दोघा-दोघांनी, एक मोठं आणि एक तरुण, दिवसाउजेडी जायचं. घरच्यांना विचारायचं: यायचं का, गायचं का, की नुसतं बसायचं? 'नको' म्हटलं तर नको, पण नाताळानंतर पुन्हा एकदा जायचं. जिथे गायचं तिथे ढोलकी नाही, डबा नाही, सांता नाही. एकच संथ गीत, आणि गेलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना. मृत्यू कसा झाला यावरून घरांत फरक करायचा नाही, हे मी मुद्दाम इतिवृत्तात लिहून घेतलं.

२१ तारखेला संध्याकाळी साडेसहाला चर्चमध्ये प्रार्थना. 'ब्लू' वगैरे नाव नाही, 'आगमनकाळाची सांजप्रार्थना' एवढंच. स्तोत्र ८८ ठेवलंय. कौन्सिलमध्ये वाचल्यावर दोन मिनिटं कुणी बोललं नाही, मग एकांनी विचारलं, 'दुसरं नाही का?' तेच ठेवलं. मागच्या बाकावर सिस्टर आणि एक समुपदेशक बसतील, ज्याला बोलायचं त्याने बोलावं. सूचनाफलकावर १४४१६ लावतोय, मिस्साच्या वेळांच्या शेजारी, मोठ्या अक्षरात.

दोन गोष्टी अडल्यात. अंधारात म्हाताऱ्या माणसांना आणायला आणि सोडायला गाड्या लागतील. आणि दिवे मंद केले तर डास. यावर कुणाकडे उपाय?

नास्तिक_नाखवा | २४ नोव्हेंबर, रात्री १०:४४

माझी इको आहे. सात माणसं बसतात, वास मासळीचा येईल. डासांसाठी कडुलिंबाचा धूर करा, उदबत्तीवर विश्वास ठेवू नका. मी बाहेर उभा राहीन, आत नाही.

सिस्टर_स्टेथो | २५ नोव्हेंबर, सकाळी ५:३०

बाहेर खुर्ची ठेवायला सांगते.

कुणीच_नाही | २५ नोव्हेंबर, रात्री ९:१२

आईला संहितेचं ते छापून दिलं. तिने वाचलं, काही बोलली नाही, बायबलमध्ये घडी करून ठेवलंय. डॉक्टरची वेळ शुक्रवारची घेतली आहे, ती यायला तयार आहे, निदान आज तरी.

यंदा गाणं नकोच म्हणते. माणसं आली तर दार उघडेन म्हणाली. जुईताई, आमच्याकडे येणाऱ्या दोघांमध्ये गप्पिष्ट कुणी नको. आणि ताटं पाठवणार असाल तर कुलकुल कमी, तळलेले फुगे जास्त. तो फुगेच खायचा, आणि आता आम्हाला तिघांनाही तेच लागतात.